आत्याबाईच्या मिशा, आजीची चाकं

स्पॅनिश शिकायला लागलं की पहिले काही महिने क्रियापदांची धास्ती बसते. ‘सेर’ म्हणजे असणे आणि ‘ईर’ म्हणजे जाणे, ही दोनच घ्या. यांच्यावाचून एक दिवस निभत नाही, म्हणून ती आधी शिकवतात, आणि नेमकी हीच सगळ्यांत उनाड. ‘ईर’ वर्तमानकाळात ‘बोय’ होतं, ‘जात असे’ म्हणायचं तर ‘ईबा’ होतं, आणि मूळच्या ‘ईर’ची ओळख पटवायला साक्षीदार आणावा लागतो. ‘सेर’ची ‘सोय’, ‘एरेस’, ‘एस’, ‘एरा’ अशी सोंगं आहेत. त्यातलं ‘सोय’ मराठी माणसाला ओळखीचं वाटतं, पण गैरसोय तिथूनच सुरू होते. साध्या भूतकाळात तर दोघांनी संगनमतच केलंय. ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’ आणि ‘फुई’ म्हणजेच ‘मी गेलो’. माणूस होता की गेला, हे ऐकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं.

हीच दोन कार्टी संकेतार्थात आली की हात बांधून उभी राहतात. ‘सेरीआ’, ‘ईरीआ’. मूळ क्रियापद जसंच्या तसं, त्यापुढे ‘ईआ’, संपलं. (शाळेच्या व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ अशी चौकडी होती, त्यातला हा शेवटचा. ‘अभ्यास केला असता तर पास झाला असतास’ हे ज्याचं सर्वांनी घरी ऐकलेलं उदाहरण.) वर्तमानकाळ पाळत नाही, भूतकाळ पाळत नाही, आणि जे झालंच नाही त्याचा काळ मात्र शिस्तीत चालतो.

मला त्याचं एकच कारण दिसतं. जे घडलं त्याची भाषा वेडीवाकडी होणारच. जे घडलेलं नाही आणि बहुधा घडणारही नाही, त्याला वाकडं व्हायला निमित्तच काय? न झालेल्या लग्नात कोणी रुसत नाही. न बांधलेल्या घराला ओल येत नाही. भाषाशास्त्रज्ञ वेगळं कारण देतात आणि ते खरं आहे, त्याच्याकडे येतोच. पण माझं कारण जास्त पटण्यासारखं आहे.

नियम सांगायला पोस्टकार्डही मोठं पडेल. स्पॅनिश क्रियापदांच्या तीन जाती. शेवटी ‘आर’ असलेली, ‘एर’ असलेली आणि ‘ईर’ असलेली. इतर बहुतेक काळांत जातीप्रमाणे प्रत्यय बदलतात, आणि एकीचे दुसरीला लावले की मास्तरांच्या कपाळावर आठी. संकेतार्थात तिघींना एकच पंगत. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, त्याचं ‘आब्लारीआ’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, त्याचं ‘कोमेरीआ’. ‘बिबीर’ म्हणजे जगणे, त्याचं ‘बिबिरीआ’. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं शेपट्या अशा: ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. यातली पाचवी लॅटिन अमेरिकेत कोणी वापरत नाही, म्हणजे मेक्सिकोला जायचं असेल तर तेवढं पाठांतर वाचलं. अपवाद बाराच्या आसपास आहेत, ‘तेनेर’चं ‘तेन्द्रीआ’ किंवा ‘आसेर’चं ‘आरीआ’ अशा थाटाचे. पण तेही धडात काय ती वाकडेगिरी करतात. शेपटीला हात लावायची हिंमत एकाही क्रियापदाला झालेली नाही.

आता गंमत पाहा. ‘मी’ आणि ‘तो’ यांची शेपटी एकच. ‘पागारीआ’ म्हणजे ‘मी पैसे दिले असते’ आणि ‘पागारीआ’ म्हणजेच ‘त्यानं दिले असते’. वर ‘आपण’ म्हणून आदरानं ज्याला बोलतो त्याचंही रूप हेच. चौघं मित्र हॉटेलात जेवून उठताना हा काळ किती उपयोगी पडत असेल! शिवाय मराठीसारखी लिंगाची भानगड नाही. आपल्याकडे ‘आलो असतो’ आणि ‘आले असते’ यावरून न आलेला माणूस बाई की बाप्या तेवढं तरी कळतं. स्पॅनिशमध्ये न येणारा पूर्ण निराकार.

आणखी एक बारीक फट आहे, आणि पुण्यातल्या स्पॅनिशच्या वर्गात निम्मी मंडळी तिच्यात पाय अडकून पडतात. ‘कोमीआ’ म्हणजे ‘खात असे’. ‘कोमेरीआ’ म्हणजे ‘खाल्लं असतं’. मध्ये एवढासा ‘एर’. साखर निघाल्यावर डॉक्टरांकडून परत येणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य त्या ‘एर’नं बदलतं. सकाळपर्यंत आंबा कोमीआ, संध्याकाळपासून कोमेरीआ.

आता खरं कारण. अभिजात लॅटिनमध्ये हा काळ नव्हताच. रोमन लोकांना काही झालं असतं तर काय झालं असतं, हे दुसऱ्या रूपांनी सांगता येत होतं. पुढे बोलीतल्या लॅटिनमध्ये लोक मूळ क्रियापदापुढे ‘आबेरे’चा, म्हणजे ‘जवळ असणे’चा, भूतकाळ जोडायला लागले. ‘गायला माझ्यापाशी होतं’, असं काहीसं. बोलता बोलता दोन शब्दांची एकजीव खिचडी झाली आणि त्या ‘होतं’चा उरलेला अवशेष म्हणजे ‘ईआ’. काळ उशिरा जन्मला, तयार क्रियापदावर बेतला, म्हणून बिघडायला त्याला वेळच मिळाला नाही.

हे वाचल्यावर मराठी माणसानं थांबून आजूबाजूला पाहावं. ‘गायचं होतं.’ ‘यायचं होतं.’ ‘तुम्हाला बोलवायचं होतं हो, पण गडबडीत राहूनच गेलं.’ हे रोमन साम्राज्यातलं बोली लॅटिन आहे आणि आपण ते दर मोसमात लग्न झाल्यावर आठ दिवसांनी फोनवर बोलतो.

आंतोनिओ दे नेब्रिखा नावाच्या पंडितानं १४९२ साली स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण काढलं, त्यात ही जोडणी त्यानं ओळखून ठेवली आहे. कोलंबस निघाला ते हेच वर्ष. एक जण भारतात पोचला असता, आणि दुसरा ‘पोचला असता’ची घडण समजावून सांगत होता. जुन्या स्पॅनिशमध्ये सांधा इतका कच्चा होता की मध्ये सर्वनाम घुसत असे: ‘देणे – त्याला – होतं’. एसटीत दोघांच्या बाकावर ‘जरा सरका’ म्हणत मधोमध बसणाऱ्या तिसऱ्यासारखं ते सर्वनाम. स्पॅनिशनं पुढे त्याला उठवलं. पोर्तुगीजनं अजून बसू दिलंय. ‘दार-ल्ये-ईआ’, म्हणजे ‘त्याला दिलं असतं’, हे आजही तिथे शुद्ध आणि भारदस्त लेखन समजतात. गोव्यात १९६१च्या आधी पोर्तुगीज शाळेत गेलेल्या पिढीला हे मधलं आसन घोकावं लागलं. त्यांच्यापैकी कोणी शेजारी राहत असेल तर स्पॅनिश संकेतार्थाची शिकवणी लावू नका, त्यांच्याकडे संध्याकाळचे जा. वेळ मात्र हाताशी ठेवा, कारण व्याकरणावरून गोष्ट पणजीच्या जुन्या पावापर्यंत जाते.

गार्सिया मार्केसची ‘शंभर वर्षांचा एकांत’ ही कादंबरी १९६७ची. तिचं पहिलं वाक्य जगभर गाजलं, पण त्यातलं मुख्य क्रियापद फार कमी जण न्याहाळतात. कर्नल ऑरेलियानोला पुढे काय आठवणार होतं हे सांगायला लेखकानं तयार ‘ईआ’ न घेता हीच जुनी, सुटी, न वितळलेली जोडी घेतली आहे. साहेबांना घाई नव्हती.

या काळाला म्हणायचं काय, यावर विद्वानांचं एकमत व्हायला मात्र बराच वेळ लागला. आधी त्याला दुसऱ्याच अर्थाच्या घरात भाडेकरू ठेवलं, मग माद्रिदच्या राजभाषा अकादमीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला ‘पोतेन्सिआल’ म्हणून स्वतंत्र खोली दिली, आणि नंतर पुन्हा काढून ‘कोन्दिसिओनाल’ नावानं स्वार्थात आणून बसवलं. आंद्रेस बेय्यो हा व्हेनेझुएलाचा माणूस. त्यानं १८४७ साली चिलीत बसून अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिलं आणि याचं नाव ठेवलं ‘पोस्प्रेतेरितो’, भूतानंतरचा. मेक्सिकोच्या पाठ्यपुस्तकांत अजून तेच चालतं. इकडे भूतानंतर मांत्रिक येतो, तिकडे संकेतार्थ.

असो. आपल्याकडे संकेतार्थाचा खरा पुरवठा म्हणींतून झाला. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. एवढ्या एका वाक्यात मराठीनं संकेतार्थाची निर्मिती, उपयोग आणि निकाल तिन्ही उरकले. स्पॅनिश माणसालाही जर-तर ऐकायचा कंटाळा येतो आणि तोही नात्यातलीच बाई पुढे करतो: माझ्या आजीला चाकं असती तर ती सायकल झाली असती. तिथे ‘झाली असती’साठी ‘सेरीआ’ वापरतात, म्हणजे वर सांगितलेलं ते सुधारलेलं कार्टंच. आपण आत्याला फक्त मिशा दिल्या, घरात ठेवली. त्यांनी आजीला थेट रस्त्यावर काढली. दोन्ही ठिकाणी काकांना किंवा आजोबांना कोणी काही विचारलेलं नाही.

पण हा काळ त्याच्या मुक्कामी पाहायचा असेल तर डिसेंबरात स्पेनला जावं. २२ डिसेंबरला तिथे नाताळची लॉटरी निघते. १८१२ साली कादिसमध्ये ती पहिल्यांदा काढली, नेपोलियनच्या फौजा देशात असताना, खजिना भरायला. तेव्हापासून युद्धं झाली, राजे गेले आणि आले, लॉटरी चालू आहे. पहिल्या बक्षिसाला ‘एल गोर्दो’ म्हणतात, म्हणजे जाड्या. एकूण एक लाख नंबर. अख्खं तिकीट परवडत नाही म्हणून लोक त्याचा दहावा भाग, ‘देसिमो’, घेतात. तो २० युरोंना. जाड्या लागला तर त्या देसिमोवर चार लाख युरो, त्यातले पहिले ४० हजार सोडून उरलेल्यावर सरकार २० टक्के कापतं. म्हणजे हातात ३ लाख २८ हजार. हा हिशेब प्रत्येक स्पॅनिश माणसाला तोंडपाठ असतो, तिकीट न घेणाऱ्यालासुद्धा.

आणि मग नोव्हेंबरपासून देशभर संकेतार्थाचा सराव सुरू होतो. लिफ्टमध्ये, सलूनमध्ये, मासळीबाजारात. ‘जाड्या लागला तर तू काय केलं असतंस?’ यातलं ‘केलं असतंस’ म्हणजे ‘आरीआस’, बारा अपवादांपैकी एक. प्रश्नच वाकडा. पण उत्तरं बघा: कोम्प्रारीआ, घर घेतलं असतं. पागारीआ, कर्ज फेडलं असतं. बियाखारीआ, जग फिरलो असतो. आयुदारीआ, पोरांना मदत केली असती. आणि सर्वांत मनापासून, साहेबाच्या केबिनच्या दिशेनं तोंड करून: देखारीआ, नोकरी सोडली असती. घेणे, फेडणे, फिरणे, मदत करणे, सोडणे, पाचही क्रियापदं नियमित. माणसाच्या इच्छांना अपवाद लागत नाहीत, हे त्या देशानं दोनशे वर्षं सिद्ध केलंय.

ऑफिसात सगळे मिळून एकच नंबर घेतात, त्यामागे प्रेम नसतं. ‘यांना लागला आणि मला नाही’ ही भीती असते. ज्याचा लॉटरीवर विश्वास नाही तोही शेजाऱ्याच्या नशिबाविरुद्ध विमा म्हणून २० युरो मोडतो. २०११ साली आरागॉन प्रांतातल्या सोदेतो नावाच्या छोट्या गावात हे अगदी खरं ठरलं. गावातल्या बायकांच्या मंडळानं दारोदार तिकिटं विकली होती आणि जाड्या त्याच नंबराला लागला. सारं गाव रस्त्यावर आलं. एका घरी तेवढी विक्री राहून गेली होती. त्या गृहस्थांना त्या दिवशी स्पॅनिशमधला संकेतार्थ पूर्ण भूतकाळासह, सोदाहरण, फुकट शिकायला मिळाला.

२२ तारखेला सकाळी माद्रिदच्या तेआत्रो रेआलमध्ये सान इल्देफोन्सो शाळेची मुलं नंबर आणि बक्षीस सुरात गाऊन सांगतात. काही तास तोच सूर. बाकीचा देश रेडिओपाशी. मग वार्ताहर विजेत्याच्या तोंडाशी माइक धरून विचारतो, आता काय करणार? आणि दरवर्षी, दर प्रांतात, तेच उत्तर येतं: ‘तापार आगुखेरोस’. भोकं बुजवायची. व्याकरणाकडे लक्ष द्या. ‘तापार’, नुसतं मूळ क्रियापद. पैसे हातात आले आणि ‘ईआ’ गळून पडलं. जग फिरणं गेलं, नोकरी सोडणं गेलं. हप्ते, गळका नळ आणि मेव्हण्याचे उसने. ज्यांना काहीच लागलं नाही ते एकमेकांना सांगतात की आपली तब्येत चांगली आहे हेच खरं. त्यामुळे २२ डिसेंबरला तिथे थट्टेनं ‘आरोग्य दिन’ म्हणतात. त्यांचा संकेतार्थ शाबूत असतो, पुढच्या नोव्हेंबरात परत लागतो.

हा सगळा प्रकार स्पॅनिश लोकांचा म्हणून त्यांना श्रेय देऊन मोकळं व्हावं, तर तसं करता येत नाही. कारण मूळ माल आपला आहे. पंचतंत्रातला तो भिक्षुक आठवा, ज्याच्या उशाशी सातूच्या पिठाचं मडकं टांगलेलं. पीठ विकीन, शेळ्या घेईन, मग गाई, मग घोडे, मग बायको, मग मुलगा सोमशर्मा, मुलगा रांगत आला म्हणून बायकोला लाथ, आणि लाथ मडक्याला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण त्याच घरातली. ती गोष्ट पहलवी, मग अरबी अशी मजल दरमजल करत १२५१ साली पुढे राजा झालेल्या आल्फोन्सोच्या आश्रयानं कास्तिलियन भाषेत उतरली. सातूच्या पिठाचं तोपर्यंत मध आणि लोणी झालं होतं. १३३५च्या सुमारास डॉन खुआन मानुएलनं ती पुन्हा सांगितली, तेव्हा मडकं एका बाईच्या डोक्यावर आलं, नुसत्या मधाचं. कोंबड्या, मेंढ्या, सुना, जावई असं करत ती रस्त्यानं चालता चालता हसली, कपाळावर हात मारला आणि मडकं खाली. अठराव्या शतकात सामानिएगोच्या पद्यकथेत ती दूधवाली झाली, आणि तेव्हापासून हवेतले बेत करणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘दूधवालीचा हिशेब’ मांडतोय म्हणतात. सातू, लोणी, मध, दूध. आत काय आहे ते बदललं, फुटणं कुठेच चुकलं नाही. मसाल्याच्या पदार्थांसाठी युरोप आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी आपण त्यांना हवेतले इमले निर्यात केले होते, आणि त्यावर कुणी जकात घेतल्याची नोंद नाही.

बेर्लांगा नावाच्या दिग्दर्शकाचा १९५३ सालचा ‘बिएनबेनिदो, मिस्टर मार्शल’ हा चित्रपट तर अख्खा संकेतार्थच आहे. अमेरिकन मदत घेऊन येणार म्हणून एक कास्तिलियन खेडं अंदालुसियाचं सोंग घेतं, पताका लावतं, आणि गावकरी रांगेत उभे राहून प्रत्येकी एक इच्छा नोंदवतात. अमेरिकन गाड्या येतात आणि न थांबता निघून जातात. अमेरिकन मदतीच्या त्या मार्शल योजनेत स्पेनला खरोखरच काही मिळालं नव्हतं. निवडणुकीच्या आधी ज्या गावात रस्त्यावर खडी येऊन पडते, तिथल्या कुणालाही हा चित्रपट सबटायटलशिवाय कळेल.

व्याकरणाची पुस्तकं मात्र लॉटरी, मडकं यातलं काही सांगत नाहीत. ती सांगतात की हा काळ सभ्यतेसाठी वापरावा. त्यामुळे पुस्तकी विद्यार्थी माद्रिदच्या बारमध्ये जाऊन म्हणतो, ‘मे गुस्तारीआ उन काफे.’ मला एक कॉफी आवडली असती. शेजारचा म्हातारा तेवढ्यात ‘पोनमे उन काफे’ म्हणतो, कॉफी ठेव, आणि त्याची पिऊनही होते. उडप्याकडे आपण ‘दोन स्पेशल’ म्हणतो, क्रियापदाचा पत्ताच नसतो, तोच हा पंथ. उलट टोक बोगोटाचं. कोलंबियात काळ्या कॉफीला ‘तिन्तो’ म्हणतात आणि ती मागायची रीत अशी: मला एक तिन्तो भेट देता का? भेट. मग पैसे द्यायचे. आणि स्पेनमध्ये ‘तिन्तो’ म्हणजे लाल वाइन, त्यामुळे बोगोटाचा सज्जन सकाळी आठ वाजता माद्रिदमध्ये वाइन भेट मागून बसतो.

नकार द्यायला मात्र ‘ईआ’ला तोड नाही. ‘मे एनकान्तारीआ, पेरो…’ मला अत्यंत आवडलं असतं, पण… यातलं ‘पेरो’ म्हणजे पण, आणि ‘र’ जरा घोळवला की ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. संकेतार्थाच्या मागे तो चालत येणारच. मेक्सिकोत तोंडावर नाही म्हणणं असभ्य, तेव्हा हे वाक्य निम्म्या समाजजीवनाचा भार वाहतं. बारशाला, मुंजीला, सत्यनारायणाला न गेलेल्यांना ते शिकवायला फार कष्ट पडत नाहीत. वर्गात याच वाक्याचे उच्चार पहिल्या प्रयत्नात बिनचूक येतात.

सल्ला देण्याची सोय तर पाहून घ्यावी अशी. मराठीत ‘तुझ्या जागी मी असतो ना, तर’ म्हणेपर्यंत समोरचा चप्पल घालून निघालेला असतो. स्पॅनिशमध्ये ‘यो के तू’, तीन अक्षरं, आणि लगेच ‘बेन्देरीआ’, विकून टाकलं असतं. ‘एस्पेरारीआ’, थांबलो असतो. शेअर बाजारावर बोलणाऱ्या कोणत्याही काकांना या तीन अक्षरांवर उर्वरित आयुष्य सुखात काढता येईल. काका स्वतः विकत नाहीत, थांबतही नाहीत. त्यांना फक्त तू व्हायचं असतं, तेही वाक्य संपेपर्यंत.

वर्तमानपत्रांनी काही वेगळाच उद्योग केला. आपल्याकडे खात्री नसलेली बातमी द्यायची तर ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’, ‘अशी जोरदार चर्चा आहे’, ‘नाव न सांगण्याच्या अटीवर’ असा लवाजमा लागतो. लॅटिन अमेरिकेतली पत्रं मंत्र्याच्या क्रियापदाला एक ‘ईआ’ लावतात: मंत्री ‘रेनुन्सिआरीआ’. राजीनामा देणार असल्याचं कळतं, असा सगळा अर्थ त्या दोन स्वरांत. नाही दिला, तर पत्राचं काही चुकलेलं नसतं, दिलाही असता. फुटबॉलच्या बदल्यांच्या मोसमात अर्जेंटिनाची क्रीडापानं याच्यावरच छापली जातात. एकाच खेळाडूचं एका आठवड्यात चार क्लबांकडून ‘खुगारीआ’ होतं. शुद्धलेखनाच्या पहारेकऱ्यांना हा वापर मान्य नाही, फ्रेंचची नक्कल म्हणून ते त्याला हाकलतात. त्याला ‘अफवेचा संकेतार्थ’ हे नाव मात्र व्याकरणवाल्यांनीच दिलं, आणि नाव इतकं छान आहे की आता तो जाईल असं वाटत नाही.

आता परीक्षेपुरतं. जर-तरच्या वाक्यात स्पॅनिश ‘ईआ’ फक्त ‘तर’च्या बाजूला लागतं. ‘जर’च्या बाजूला वेगळंच रूप लागतं, त्याचे प्रत्यय आणखी दोन महिने खातात. ‘सी गानारा, कोम्प्रारीआ’: जिंकलो असतो, तर घेतलं असतं. मराठी विद्यार्थ्याला हा पंक्तिप्रपंच पटत नाही. आपण आत्याबाईला इकडेही असत्या म्हणतो आणि तिकडेही असतं म्हणतो. त्याच न्यायानं तो बिनधास्त ‘सी गानारीआ, कोम्प्रारीआ’ लिहितो आणि लाल रेघ मिळवतो. पण बिल्बाओ, बुर्गोस, सान्तान्देर या उत्तरेच्या पट्ट्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या अगदी असंच बोलत आले आहेत, दोन्हीकडे ‘ईआ’. तिथल्या शाळेतही मास्तर रेघ मारतात, पोरं घरी जातात आणि आजी जेवायला वाढता वाढता पुन्हा तेच बोलते. तेव्हा या एका चुकीपायी ज्यांचे गुण गेले असतील, त्यांनी फेरतपासणीचा अर्ज पुण्यात न करता बिल्बाओला पाठवावा. तिथे तपासणारा उत्तरेचाच निघाला, तर पैकीच्या पैकी.